पहिल्या ओवीवरचे मामा

चर्चच्या फाटकाशेजारच्या फळ्यावर पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीची नोटीस लागली, की तिच्यामागचा डिंक वाळायच्या आत मनोहरमामांचा अर्ज सेक्रेटरींच्या हातात पडतो. सेक्रेटरी बहुधा मामाच असतात, त्यामुळे प्रवास या हातातून त्या हातात, एवढाच. तरीही मामा अर्जावर ‘पोचला’ असा शेरा मारतात, तारीख-वेळ घालतात आणि स्वतःच्या सहीखाली स्वतःचीच सही ठोकतात. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

मनोहरमामा हा कुणी एक माणूस नव्हे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. रविवारी शंभर-सव्वाशे माणसं उपासनेला बसतात आणि मागं जुन्या मिशन बंगल्याची कौलं दिसतात, अशा प्रत्येक ठिकाणी एक मामा असतातच. कुठं त्यांना दादा म्हणतात, कुठं सर. सोलापुरात आहेत, जालन्यात आहेत, पुण्यातही आहेत. खूण सोपी. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं (एक निळं, एक लाल), काखेत रेक्झिनची डायरी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चर्चची किल्ली, हॉलची, दानपेटीची, साउंडच्या कपाटाची, कब्रस्तानच्या गेटची. मामा चालू लागले की मंडळीचा सगळा कारभार चालतो आहे, हे लांबूनच ऐकू येतं.

पुढाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत, हे आमच्या लोकांना नव्यानं शोधायचं कारण नाही. पौलानं ते लिहून ठेवलेत. तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय तिसरा. तीताच्या पत्रात हीच यादी थोड्या फरकानं पुन्हा आहे. गंमत अशी, की यादी सुरू होण्याआधी पौल तीमथ्याला सांगतो, हे काम करावंसं कुणाला वाटलं तर त्यात वावगं काही नाही, काम चांगलंच आहे. ही पहिली ओवी. माणूस कसा असावा, ते दुसरीपासून पुढं. मामांचा मुक्काम गेली कित्येक वर्षं पहिलीवरच आहे. दुसरीपासूनचा मजकूर त्यांनाही तोंडपाठ आहे, पण तो इतर उमेदवारांच्या छाननीसाठी.

यादी तशी चकवणारी आहे. वक्तृत्व, दूरदृष्टी, चेहऱ्यावरचं तेज यातलं काही पौल मागत नाही. शिकवता यावं, एवढं एकच कौशल्य त्याला हवं. बाकी सगळं मुलीचा बाप स्थळाबद्दल गावात गुपचूप चौकशी करतो तसलं आहे: पितो का, हात उगारतो का, पैशाला कसा आहे, आलागेला त्याच्या घरी जेवतो का, पोरं ऐकतात का, परके लोक काय म्हणतात. शिवाय अशा गोष्टी बजावून लिहाव्या लागल्या, यातच सगळं आलं. तीमथ्य होता इफिसात आणि तीत क्रेत बेटावर. क्रेतची माणसं थापाडी आणि खादाड, असं तिथल्याच एकाचं मत पौलानं तीताला कळवलंय आणि दुजोराही दिलाय. त्यांच्यातूनच गावोगाव वडील नेमायचे होते. पुढारी मारकुटा नसावा असं सांगायची वेळ आली, म्हणजे तिकडच्या सभांत हात चालत असणार. आमच्याकडे प्रकरण खुर्चीच्या पुढं गेलेलं नाही.

ती खुर्चीही लोखंडी, घडीची. हॉलचं भाडं वाढवण्याच्या विषयावर मामांनी ती डोक्याच्या वरपर्यंत नेली होती. दोघांनी धरली म्हणून खाली आली. वृत्तांत लिहायचं काम मामांकडेच असल्यानं त्यात नोंद झाली, ‘चर्चेदरम्यान एक खुर्ची जागेवरून हलवण्यात आली.’ पुढच्या सभेत वृत्तांत एकमतानं कायम झाला. भांडखोरपणाबद्दल कुणी मोघम बोललं, की मामांचं उत्तर ठरलेलं असतं, “मी भांडत नाही. मी मुद्दा मांडतो. समोरचा भांडतो.”

एका स्त्रीचा पती, या कलमावर मात्र मामांची छाती दोन इंच पुढं येते. “हे कलम तरी निर्विवाद आहे ना?” असं ते चहाचा कप हातात घेऊन पाहुण्यांना विचारतात. आतून मामींचा आवाज येतो, “त्यात ह्यांचं काय कर्तृत्व? टिकले मी.”

दारूच्या बाबतीत मामा ठणठणीत कोरडे. प्रभुभोजनाचा द्राक्षारससुद्धा मामी घरी करतात. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. गोडी बरोबर आहे का हे मामा चाखून सांगतात आणि दोनदा चाखून सांगतात. कमिटीतल्या आणखी एका सद्गृहस्थांची भिस्त मात्र त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायावर आहे. तिथं पौल तीमथ्याला म्हणतो, नुसतं पाणी पीत बसू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारसही घेत जा. या सद्गृहस्थांचं पोट त्यांच्या लग्नापासून बिघडलेलं आहे.

विश्वासात नुकताच आलेला माणूस पुढारी करू नये, त्याच्या डोक्यात हवा जाते, असंही यादीत आहे. मामा पाचव्या पिढीचे. आता पाच पिढ्यांची हवा किती होते याचा हिशेब पौलानं केलेला नाही. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813 साली आलं आणि नगरला 1831 साली. मामांच्या तोंडून हा इतिहास ऐकताना वाटतं, मधली अठरा वर्षं साहेबलोक मामांच्या घराण्याचाच पत्ता शोधत होते. पणजोबांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, हे काढायची कुणाची छाती होत नाही. पुढं 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा मामांचे वडील त्या मांडवात हजर होते. वाटाघाटी 1929 पासून चालल्या होत्या. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि आमचे युनायटेड चर्चवाले, अशा सहा मंडळ्या एक झाल्या. बिशप मानणारे आणि न मानणारे, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्यालाच देणारे, सगळे एका छपराखाली आले. एवढं मोठं काम तडीस गेलं. आमच्या चर्चमध्ये पेटी वेदीच्या डाव्या अंगाला ठेवायची की उजव्या, हा वाद मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, सेमिनरीतून नुकतेच आलेले. भरपूर वाचलेलं, आणि ते मंडळीला सांगितलं तर तिच्यात फरक पडेल असं अजून त्यांना वाटतं. निवडणुकीच्या तोंडावर गुरुवारच्या बायबल अभ्यासात त्यांनी ऑगस्टीनची गोष्ट सांगितली. 391 साली उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावी ऑगस्टीन कामानिमित्त गेला होता. उपासनेला बसला, तर लोकांनी त्याला धरलं आणि बिशपपुढं उभं केलं: हा आमचा पाळक. तो रडायला लागला. या जबाबदारीची त्याला भीती वाटत होती. त्याचा चरित्रकार पोसिडियस लिहितो, की काहींना वाटलं, बिशप न करता साधा पाळकच केला म्हणून हा रडतोय. त्यांनी त्याची समजूतही घातली, की हेही पद काही वाईट नाही, बिशपाच्या जवळचंच आहे. सभेत हशा पिकला. पाळकसाहेबांना अभिप्रेत असलेला अर्थ काही जणांपर्यंत पोचलाही असावा.

मामांनी हात वर केला. “रडला ते ठीक आहे. पण सूचक-अनुमोदक कोण होते?”

पाळकसाहेब धीराचे. त्यांनी मिलानचा अँब्रोज काढला. 374 साली लोकांनी त्याला बिशप म्हणून घोषित केलं तेव्हा त्याचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता, त्यानं पदाला नकार देण्यासाठी नाना खटपटी केल्या, वगैरे. मामा लाल पेनानं डायरीत टिपून घेत होते. “म्हणजे मतदारयादीत नाव नसताना उमेदवारी,” ते म्हणाले, “छाननीत उडाला असता.” त्यानंतर पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना बरीच आधी घेतली.

यादीतलं सगळ्यांत अवघड कलम, माझ्या मते, घराचं. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, असा पौलाचा सवाल. हे कलम काटेकोर लावायचं तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं काय करायचं? ज्यांची भजनं आम्ही रविवारमागून रविवार टाळ-पेटीवर गातो, त्या माणसाच्या हातात पैसा टिकत नसे आणि घरातून कधी कुठं निघून जाईल याचा नेम नसे. 1917 साली तर मिशनची नोकरीही सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं हसतहसत लिहून ठेवलंय. आमच्या कमिटीपुढं तोच लेखी पुरावा म्हणून विरुद्ध बाजूनं दाखल झाला असता आणि टिळक पडले असते. मामा तेव्हा सेक्रेटरी असते, तर टिळकांची थकलेली वर्गणीही यादीला जोडली असती.

मामा या कलमापाशी फार रेंगाळत नाहीत. त्यांचा मुलगा पुण्यात असतो. रविवारी तो एका फेलोशिपला जातो. तिथं ड्रम आहेत, गिटार आहे, भिंतीवर पडदा आहे आणि कमिटी नाही. “कमिटीच नाही म्हणतो,” मामांनी एकदा मला सांगितलं, “मग चालवतं कोण?” सून म्हणाली, पवित्र आत्मा. मामांनी विचारलं, “ते झालंच. पण हॉलचं भाडं कुणाच्या सहीनं जातं?”

मामांचं शिकवण्याचं कौशल्य प्रार्थनेत दिसतं. प्रार्थना देवाला उद्देशून असते, एवढीच काय ती औपचारिकता. “हे दयाळू बापा, तुला ठाऊकच आहे, की परवाच्या लग्नानंतर हॉलचे चार पंखे रात्रभर चालू राहिले. कुणाकडून राहिले हेही तुला ठाऊक आहे. त्या कुटुंबाला तू क्षमा कर आणि बिलाची रक्कम भरण्याची बुद्धी दे. हे प्रभो, तरुण संघाच्या मुलांनी कपाटातली मोठी सतरंजी नेली, ती तुझ्या दृष्टीआड नाही...” डोळे मिटलेले असल्यानं कुणाला प्रतिवाद करता येत नाही. सतरंजी मात्र सोमवारी परत येते. पाळकसाहेबांच्या उपदेशानं इतक्या तातडीनं काही परत आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता उपकारस्तुतीच्या सणाबद्दल सांगितलं नाही तर मामांवर अन्याय होईल. सुगीनंतर एका रविवारी लोक शेतातलं, परसातलं, नाहीतर बाजारातलं काहीबाही आणून वेदीपुढं ठेवतात. भोपळे, ज्वारीची कणसं, मेथीच्या जुड्या, अंडी, पाय बांधलेली गावठी कोंबडी. उपासनेनंतर बाहेर लिंबाखाली लिलाव होतो आणि पुकारणारे अर्थातच मामा. त्यांना माइक लागत नाही. गेल्या सणाला ती कोंबडी त्यांनी काखेत धरली होती, डायरी दुसऱ्या काखेत, आणि बोली अडीचशेवर अडली होती. “डॉक्टरसाहेब, कोंबडी तुमच्याकडे बघतेय,” मामा म्हणाले. माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरसाहेबांनी तीनशे केले. “अडीचशेवाल्या बाईंना पेन्शन आहे, साहेब, तुमचा दवाखाना आहे!” चारशे. तीन वार झाले, पैसे आले, आणि डॉक्टरसाहेबांनी रीतीप्रमाणे कोंबडी परत अर्पण केली. मामांनी ती पुन्हा पुकारली. त्या दुपारी एक कोंबडी तीनदा विकली गेली. तिचा चेहरा शेवटी मतदारासारखा झाला होता.

नंतर मामांनी टेबल मांडलं. पैसे एकट्यानं मोजायचे नाहीत, हा त्यांचा जुना दंडक. एक महिला मंडळाची बाई, एक तरुण संघाचा मुलगा आणि स्वतः. नोटांचे गठ्ठे, नाण्यांचे ढीग, फाटलेली दहाची नोट टाचणीनं वेगळी. दोन रुपये जास्त भरले, तर ते कुठून आले म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजणी. पोरगा कंटाळला, त्याला गावात जायचं होतं. मामांनी त्याच्यासाठी वडापाव मागवला, स्वतःच्या पैशातून, आणि मोजणी चालू ठेवली. पैशाच्या कलमाला मामांच्या विरोधकांनीही कधी हात घातलेला नाही. त्या कोंबडीचं पुढं काय झालं, हे वृत्तांतात नाही. मला माहीत आहे ते इतकंच, की मामांच्या डायरीच्या मागच्या पानावर मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या बायांची नावं आहेत, आणि त्यातल्या एकीच्या नावापुढं त्या तारखेला निळ्या शाईत ‘को.’ असं लिहिलेलं आहे.

मामा स्वतःला ऑगस्टीनच्या नव्हे, त्या सात जणांच्या पंगतीत बसवतात. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातंय, अशी कुरकुर झाली, म्हणून सात माणसं निवडली गेली. “पहिली कमिटी वाढपावरून झाली,” मामा म्हणतात, “आणि तक्रारीवरून. तक्रार नसती तर कमिटीच झाली नसती.” यात दोष काढता येत नाही, हा मामांशी वाद घालण्यातला मोठा त्रास.

पौलाच्या यादीशिवाय आमच्या मंडळीची एक वेगळी यादी आहे, ती कुठल्या घटनेत छापलेली नाही. रात्री दोनला कुणाकडे माणूस गेला तर फोन कुणाला करायचा? पेटी बनवणारा सुतार कुणाच्या शब्दाला उठतो? कब्रस्तानात कुणाच्या घराण्याची जागा कुठल्या रांगेत, जुन्या कबरीवर पाय न देता खड्डा कसा घ्यायचा, पावसात ताडपत्री कुठून आणायची? महावितरणचा वायरमन रविवारी सकाळी कुणाच्या फोनवर येतो? सौम्य, स्वस्थचित्त आणि अदूष्य माणसं त्या वेळी सांत्वनाची वचनं शोधत असतात. मामा स्कूटरवर निघालेले असतात, पायजम्यावरच. वाटेत सुताराशी त्यांचं भांडण होतं, ते पेटीच्या दरावरून, आणि घरच्यांना पडणारं बिल कमी होतं.

यंदा मामा पडले. सात मतांनी. तरुण संघानं एकगठ्ठा मतं टाकली. मतदानाआधी वीसेक जणांची थकलेली वर्गणी एका रात्रीत भरली गेली होती. ही युक्ती मामांचीच, फक्त या वेळी दुसऱ्यांनी वापरली. नवी कमिटी पौलाच्या यादीला अगदी धरून आहे. कुणी पीत नाही, कुणी ओरडत नाही, नवा सेक्रेटरी तर आवाज चढवायचा म्हटलं तरी त्याला खोकला येतो. पहिली सभा चाळीस मिनिटांत संपली. सगळ्यांनी एकमेकांच्या सूचनांचं स्वागत केलं. ठराव एकही झाला नाही.

किल्ल्या मात्र अजून मामांकडेच. “हस्तांतरण यादी झाल्याशिवाय देता येत नाही,” ते म्हणाले, आणि ती करायला त्यांनी पंधरा दिवस घेतले. मग एका संध्याकाळी हॉलमध्ये नवा सेक्रेटरी, साक्षीदार म्हणून मी, आणि मामा असे बसलो. फुलस्केप कागद, समास आखलेला. पेट्रोमॅक्स, नग 2, पैकी चालू 0. प्रभुभोजनाचे पेले, नग 96, पैकी फुटलेले 11, कुणी फोडले त्याची पुरवणी सोबत. लग्नातून राहिलेले स्टीलचे डबे, नग 3, मालक सापडत नाहीत. सतरंज्या. शब्बाथ शाळेचा फळा. येशूजन्माच्या देखाव्यातले ज्ञानी पुरुष, नग 2, तिसरा दुरुस्तीला. प्रत्येक वस्तू मामा हात लावून दाखवत होते आणि पोरगा बरोबरची खूण करत होता. शेवटच्या ओळीपाशी तो थबकला.

“मामा, हे काय? ‘वाद, प्रलंबित, नग 4’?”

“बरोबर आहे. मोजून घे. नंतर म्हणशील पाचवा माझ्याकडेच राहिला.” मामांनी बोटं मोडली. “पेटी डावीकडे की उजवीकडे, हा एक. जुना आहे, वडिलांकडून आलाय, जपून हाताळ. महिला मंडळाच्या कपाटाची किल्ली, हा दुसरा. कंपाउंडलगतच्या टपरीचा तिसरा, त्याचे कागद लाल फायलीत आहेत.”

“आणि चौथा?”

“चौथा माझा आणि तुझ्या बाबांचा. अठ्ठ्याण्णव सालच्या नाताळच्या मांडवावरून.”

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, बाबा पण थकलेत आता. तो आपण मिटवून टाकू या ना.”

मामांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, खिशातलं निळं पेन काढलं, आणि कोरा कागद पुढं ओढला.

“मिटवू की. पण ठराव लागेल. सूचक कोण?”